अटक कागदावर नाही, पण मार अंगावर आहे

प्रश्न : मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात असं : मुलगा वीस वर्षांचा, आयटीआय झालेला, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे सोळाशे मीटर पळतो. शेजारच्या दुकानातून मोबाईल चोरीला गेले. संध्याकाळी साध्या कपड्यातले दोघे आले आणि ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हणून त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन गेले. वडील डबा घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तर ठाणे अंमलदार म्हणाले, ‘असा कुणी इथं नाही.’ मुलाचे पळायचे बूट मात्र व्हरांड्यात पडलेले वडिलांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सोडलं. तळपायांवर आणि मांड्यांवर पट्ट्यानं मारलं होतं, कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, आणि ‘बाहेर बोललास तर केसमध्ये घालू’ असा दम दिला होता. याला दहा दिवस झाले. मुलगा घराबाहेर पडत नाही, तक्रारही नको म्हणतो. नवरा म्हणतात, पोलिसांशी वैर कशाला. दीर मध्यस्थी करताहेत; ‘साहेब मिटवायला तयार आहेत, आमची तक्रार नाही एवढं लिहून द्या’ म्हणतात. शेजारी म्हणतात, उगाच कुणाला मारत नाहीत. आई विचारते : अटकच दाखवली नाही तर आमच्याकडे पुरावा काय? पोलिसांविरुद्ध पोलिसांकडेच जायचं का? आणि पोराच्या भरतीचं काय?

उत्तर :

ताई, आधी एक काम करा, आणि ते आजच करा. मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयात जा. दहा दिवसांनी आता काय दिसणार, असं वाटेल. तरी जा. मांडीवरचा वळ आधी लाल, मग काळानिळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळट होत जातो. पिवळा डाग उरला असेल तरी तो साधारण किती जुना असावा याचा अंदाज डॉक्टर बांधू शकतात. तळपायाचं दुखणं तर वळ गेल्यावरही राहतं. टाच टेकताना, जिना उतरताना कळ येते का, ते तपासायला सांगा आणि एक्स-रे मागा. केसपेपर काढतानाच ‘एमएलसी करायची आहे’ असं स्पष्ट म्हणा. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, कायद्याच्या कामासाठी केलेली दुखापतीची नोंद.

‘कसं लागलं?’ असं डॉक्टर विचारतील तेव्हा मुलानं ‘पडलो’ म्हणू नये. भीतीपोटी पुष्कळ जण तिथं हेच म्हणतात आणि पुढे कोर्टात तोच केसपेपर त्यांच्याविरुद्ध वाचला जातो. कोणतं ठाणं, कोणती तारीख, कशानं मारलं, अंगावर कुठे मारलं, हे सगळं त्यानं सांगावं, डॉक्टरांनी ते लिहावं, तुम्ही ते वाचून पाहावं आणि प्रत घ्यावी. एमएलसीची खबर रुग्णालयाकडून पोलिसांना जाते, हे माहीत असू द्या. म्हणून जमत असेल तर तालुक्याऐवजी जिल्ह्याच्या रुग्णालयात जा आणि घरातलं एखादं धीराचं माणूस सोबत ठेवा.

फोटो दिवसाउजेडी काढा. एक पूर्ण शरीराचा, चेहरा दिसेल असा, आणि मग जखमेचे जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. ज्या मोबाईलवर काढाल त्यातच मूळ फाईल राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत बारीक होते आणि काढल्याची तारीख-वेळ त्यातून निघून जाते. मुलाचा फोन दुरुस्तीला किंवा विकायला देऊ नका. त्या रात्री तो फोन कुठल्या टॉवरखाली होता, हे कंपनीच्या नोंदीत असतं आणि कोर्ट ते मागवू शकतं.

हे सगळं करायला तक्रारीचा निर्णय झालेला असायला हवा, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. लढायचं की नाही, किती लढायचं, हे महिन्यानंतरही ठरवता येईल. वळ महिनाभर थांबणार नाहीत.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. अटक दाखवली नाही म्हणून आपली बाजू लंगडी, असं तुम्हाला वाटतं. मला उलट वाटतं. पोलीस चौकशीला बोलावू शकतात, पण लेखी. संशयिताला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, साक्षीदाराला कलम १७९खाली लेखी आदेश. अटक करायची तर तिचा पंचनामा हवा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी, वेळ-तारीख हवी, कारण सांगायला हवं, नातेवाइकाला कळवायला हवं, वैद्यकीय तपासणी हवी आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला हवं. तुमच्या मुलाच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं नाही. मग तो रात्रभर तिथं कोणत्या अधिकारानं होता? याचं उत्तर ठाण्याला द्यावं लागतं. कायद्यात याला बेकायदा डांबून ठेवणं म्हणतात, आणि कबुलीसाठी मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२०खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. दुखापत गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत. वर्दी असली तरी.

पुरावा काय, असं विचारता. तुमचे यजमानच पुरावा आहेत. ठाणे अंमलदार ‘इथं नाही’ म्हणत असताना त्यांनी बूट पाहिले. किती वाजता गेले, दारात कोण होतं, बूट कोणत्या रंगाचे आणि कुठे पडले होते, डबा परत आणला तेव्हा वाटेत कोण भेटलं, हे त्यांच्याकडून आजच लिहून घ्या आणि खाली तारीख घालून सही करायला सांगा. दुकानमालकानं मुलाला नेताना पाहिलं असेल, त्याच्या दुकानाबाहेर कॅमेरा असेल. तेही बघा. आणि ठाण्यातला कॅमेरा. सर्वोच्च न्यायालयानं परमवीरसिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी आदेश दिला की प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा सर्व ठिकाणी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपून ठेवायला हवं. आदेश एक आणि व्यवहार एक, हे मला ठाऊक आहे. तमिळनाडूत सातानकुलम इथं जून २०२०मध्ये जयराज आणि बेनिक्स या बापलेकांचा कोठडीतल्या मारहाणीनं मृत्यू झाला, तेव्हा चौकशीला गेलेल्या मॅजिस्ट्रेटना आढळलं की ठाण्यातलं चित्रण रोजच्या रोज आपोआप पुसलं जाईल अशी सोय करून ठेवली होती. म्हणूनच त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवा असा लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे लगेच गेला पाहिजे, शिवाय माहिती अधिकारातही एक अर्ज. चित्रण हाती पडेलच याची हमी नाही. पण अर्जाची पोच तुमच्याकडे असल्यावर ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ असं त्यांना म्हणता येत नाही.

कोऱ्या कागदावरच्या सह्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. मला ती जास्त काळजीची वाटली. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, आणि तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. पण ‘आरोपीनं दाखवल्यावरून माल मिळाला’ असा मेमोरंडम पंचनामा हा त्याला अपवाद आहे, आणि कोऱ्या कागदाची भीती तिथंच असते. म्हणून तुमच्या पहिल्याच अर्जात हे ठळक येऊ द्या : अमुक तारखेला, अमुक ठाण्यात, माझ्या मुलाकडून दबावाखाली इतक्या कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या आहेत. उद्या तो कागद भरून बाहेर आला, तर तुमचा अर्ज त्याच्या आधीच्या तारखेचा असेल.

पत्रात तुम्ही तीनदा लिहिलं आहे, ‘माझ्या पोरानं काही केलं नाही हो.’ मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण हे सिद्ध केल्याशिवाय तोंड उघडायचा हक्क नाही, असं शेजाऱ्यांनी तुमच्या मनात भरवलं आहे आणि ते चूक आहे. समजा त्यानं मोबाईल चोरलाच असता. तरी शिक्षा कोर्टानं दिली असती. कुठल्याच कायद्यात पट्ट्याची शिक्षा नाही. हे लिहिताना मला पारधी वस्तीवरच्या आया आठवतात. ‘माझ्या पोरानं काही केलं नाही’ या वाक्यावर त्यांचं कुणी ऐकूनच घेत नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी त्यांच्या पालावर जाते. इंग्रजांनी १८७१मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२मध्ये रद्द झाला, पण ती सवय ठाण्यातून गेलेली नाही. मार न देण्याची अट निर्दोषपणाशी जोडली, तर या आयांना कधीच दाद मिळणार नाही. आणि त्यांना मिळाली नाही तर तुमच्या मुलालाही ती फक्त कुणाच्या तरी मेहरबानीवर मिळेल.

पोलिसांविरुद्ध पोलिसांकडेच का जायचं? त्याच ठाण्यात जाऊच नका. लेखी तक्रार थेट जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. तपास त्या ठाण्याबाहेरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे द्यावा, अशी मागणी त्यातच करा. तिच्या प्रती राज्य मानवी हक्क आयोगाला आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला पाठवा. हे प्राधिकरण आपल्याकडे फुकट आलेलं नाही. प्रकाशसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये राज्यांना ते स्थापन करायला सांगितलं, महाराष्ट्रानं २०१४मध्ये त्यासाठी पोलीस कायदा बदलला. कुणीच दखल घेतली नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वकिलामार्फत जाता येतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक पायरी वाढली आहे : लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीत आदेश देण्याआधी मॅजिस्ट्रेट वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवतात आणि त्या पोलिसाचं म्हणणं विचारात घेतात. वेळ लागतो, कर्तव्य बजावताना केलेल्या कामाबद्दल खटला भरायला सरकारची पूर्वपरवानगी हवी, असा वादही काढला जातो. मारहाण हे कर्तव्य असू शकत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे. तरी दर खटल्यात हा मुद्दा नव्यानं लढवावा लागतो.

मुदती मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. मानवी हक्क आयोग घटनेनंतर एक वर्ष उलटलं की चौकशी करू शकत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१मध्ये पोलिसांविरुद्धच्या खटल्याला आणि दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. अशा मारहाणीला हे कलम लागू होतं का, यावर वकील वाद घालू शकतात, पण त्या वादाची वेळ आपल्यावर येऊच द्यायची नाही. पाच महिने ‘बघू’ म्हणत गेले आणि मग वकील शोधला, असं होऊ देऊ नका.

वकिलाच्या खर्चाचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण तो मनात असणारच. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. स्त्री म्हणून तुम्हाला तिथं उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा देशभर चालणारा नंबर आहे. स्थानिक वकिलावर दबाव येईल असं वाटलं, तर जिल्हा प्राधिकरणाकडे दुसऱ्या गावचा वकील मागा.

आता यजमानांच्या भीतीबद्दल. तिला मी भित्रेपणा म्हणणार नाही. खोटी केस होऊ शकते, चॅप्टर केस, म्हणजे शांतता भंग होईल म्हणून करायची प्रतिबंधक कारवाई, लावून दर महिन्याला हजेरीला बोलावलं जाऊ शकतं, दुकानमालक मुलाला कामावरून काढू शकतो. आणि न्याय सावकाश मिळतो, कधी मिळतही नाही. परभणीच्या ख्वाजा युनूसचा जानेवारी २००३मध्ये मुंबईत पोलीस कोठडीत मृत्यू झाला. निलंबित झालेले पोलीस २०२०मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले आणि त्याच्या आईला, आसिया बेगम यांना, त्याविरुद्ध परत कोर्टाची पायरी चढावी लागली. हे तुमच्यापासून लपवून ‘लढा’ म्हणणं मला जमणार नाही.

पण त्याच परभणीत डिसेंबर २०२४मध्ये सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या आई विजयाबाई थांबल्या नाहीत. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे धक्का बसून मृत्यू, असं नोंदलं गेलं होतं. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो बदलला नाही. डॉक्टरांनी लिहिलेला एक कागद तिथं किती कामाला आला, ते पाहा. याच्याही आधी, १९८८मध्ये, ओडिशातल्या नीलाबती बेहरा यांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं : माझ्या बावीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेरुळावर सापडलं. पोलीस म्हणत होते, पळाला आणि गाडीखाली आला. न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि १९९३मध्ये सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. राज्याच्या माणसांनी हिरावलेल्या जिवाची भरपाई राज्यानं द्यायची, हा नियम या देशात त्या निकालानं पक्का झाला. अटकेचे जे नियम मी वर सांगितले त्यातले बरेचसेही पत्रातूनच आले, डी. के. बसू यांनी १९८६मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं होतं.

तुमचं मला आलेलं पत्र वाचताना हेच मनात होतं. त्यात वेळा आहेत, ठिकाण आहे, कोण काय बोललं ते शब्दाला शब्द आहे. तेच पत्र, ‘मला भीती वाटते’ हा भाग न वगळता, पोलीस अधीक्षकांच्या नावे उतरवून काढा. दिलेली धमकीही त्यात लिहा. धमकी नोंदवलेली असेल तर नंतरची खोटी केस सूड म्हणून दाखवता येते, आणि अटकपूर्व जामीन मागायची वेळ आली तर तो कागद वकिलाच्या हाती असतो.

दिरांना सांगा की मिटवणं थांबवा. ‘आमची तक्रार नाही’ हा कागद तुमच्याकडून मागितला जातोय, यातच त्यांना कशाची भीती आहे ते दिसतं. तो लिहून देऊ नका. पैसे घेऊ नका. दिरांशी भांडायची गरज नाही, ‘वकिलाला विचारल्याशिवाय सही करणार नाही’ एवढं एकच वाक्य पुरे.

आणि मुलगा. ताई, तो तक्रार नको म्हणतो, ते ऐकून घ्या. मार त्यानं खाल्लाय, त्याला ओढत नेऊ नका. पण तो नक्की कशाला घाबरतो, ते विचारा. माझा अंदाज असा की भरतीचं नाव खराब होईल ही भीती त्याच्या मनात सगळ्यात मोठी आहे. चारित्र्य पडताळणीत उमेदवारावर दाखल असलेले गुन्हे पाहतात. त्यानं स्वतः केलेली तक्रार हा त्याच्यावरचा गुन्हा नव्हे. त्या कोऱ्या कागदातून बनू शकणारी केस भरतीला जास्त धोक्याची आहे, आणि ती अडवायची तर गप्प बसून चालणार नाही. हे त्याला वकिलाच्या तोंडून ऐकू द्या, आईच्या नको.

ज्या वर्दीसाठी तो पहाटे उठत होता तिनंच त्याला पालथं पाडून मारलं. हे शरीराच्या दुखण्याहून खोल आहे. झोप लागते का, जेवतो का, मोटारसायकलचा आवाज आला की दचकतो का, हे बघा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथं न्यायला लाजू नका, आणि तिथला केसपेपरही जपून ठेवा. भरतीचा सराव सुरू करण्याची घाई करू नका. पोलिसांत चांगली माणसं नसतात असं मी त्याला कधीच सांगणार नाही. सातानकुलमच्या त्याच ठाण्यातल्या हेड कॉन्स्टेबल रेवती यांनी आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली. त्याला भरती व्हायचं असेल तर त्यानं व्हावं. आता नको वाटत असेल, तर तेही त्याचं त्यानं ठरवावं.

राहता राहिलं, पुन्हा बोलावणं आलं तर. तोंडी निरोपावर एकट्यानं जायचं नाही. शांतपणे नोटीस मागायची : ‘साहेब, लेखी द्या, मी वेळेवर येतो.’ नोटीस आली की टाळायचीही नाही, कारण न गेल्यास अटकेला निमित्त मिळतं. सोबत वकील आणि घरचे दोघं. निघताना वेळ आणि ठिकाणाचा मेसेज वकिलाला करायचा, पोचल्यावर ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत आल्याची नोंद करायला सांगायचं. दारात मोबाईलवर चित्रण केलं म्हणून कुणी सरकारी गोपनीयतेच्या कायद्याचा धाक घातला, तर पोलीस ठाणं त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२२मध्ये सांगितलेलं आहे. तरी मोबाईल नाचवत जाऊ नका. अटक झालीच तर चोवीस तासांत तो मॅजिस्ट्रेटपुढे येईल. शीला बर्से खटल्यात १९८३मध्ये, मुंबईच्याच लॉकअपबद्दलच्या तक्रारीवरून, सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं आहे की मॅजिस्ट्रेटनं आरोपीला ‘मारहाणीची काही तक्रार आहे का’ असं विचारायला हवं. विचारलं तर त्यानं मोठ्यानं सांगावं. नाही विचारलं, तरीही हात वर करून सांगावं, आणि तो बोलला ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहिलं गेलं की नाही हे वकिलानं तिथंच पाहावं.